दिवाणखान्यात जन्मलेला संगणक

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘संगणकाचा इतिहास’ एवढाच विषय सांगितला होता. मी कलाशाखेचा पदवीधर, व्यवसायाने पत्रकार. यंत्रशास्त्रातले मला जे काही उमगले आहे ते वाचून आणि जाणकारांना विचारून. त्यामुळे सबंध इतिहास कवेत घेण्याचे धाडस मी करणार नाही. एकाच यंत्राची आणि ते घडविणाऱ्या एकाच माणसाची कथा आपल्यासमोर ठेवणार आहे. यंत्राचे नाव झेड-३. माणसाचे नाव कोनराड त्सुझे.

१२ मे १९४१ रोजी बर्लिन शहरात काही निमंत्रित शास्त्रज्ञांसमोर हे यंत्र चालवून दाखविण्यात आले. आधी लिहून ठेवलेल्या आज्ञावलीनुसार आपण होऊन गणिते सोडविणारे, प्रत्यक्ष चालणारे जगातील पहिले यंत्र हा मान आज बहुतेक इतिहासकार झेड-३ ला देतात. महायुद्ध ऐन भरात होते. राष्ट्राच्या श्रेष्ठत्वाचा घोष रात्रंदिवस करणारी राजवट त्या शहरातून अर्ध्या युरोपवर हुकूम गाजवीत होती. आणि त्या राजवटीला, आपल्या नाकासमोर काय घडले आहे, याचा पत्ताच लागला नाही. आपण सारे राष्ट्राचा विचार करणारी माणसे आहोत. म्हणूनच ही कथा आपण ऐकली पाहिजे असे मला वाटते.

त्सुझेचा जन्म २२ जून १९१० चा, बर्लिनचाच. वडील टपाल खात्यात नोकरीला. घरची स्थिती मध्यमवर्गीय, आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी नोकराच्या घरासारखी. मुलाला चित्रकलेचा नाद होता, नाटकाचा होता आणि यंत्रांचाही होता. शेवटी बर्लिनच्या तांत्रिक महाविद्यालयातून १९३५ साली तो स्थापत्य अभियंता होऊन बाहेर पडला आणि हेन्शेल या विमान कारखान्यात लागला. काम होते विमानाच्या सांगाड्यावर पडणाऱ्या ताणांची गणिते करण्याचे. ज्यांनी असली गणिते केली आहेत त्यांना ठाऊक असेल की त्यांत बुद्धीचे काम थोडे आणि हमाली फार. पंचवीस-तीस समीकरणे एकमेकांत गुंतलेली, एक बेरीज चुकली की दिवसाचे काम वाया. त्सुझेच्या मनात आले, ही हमाली माणसाने का करावी?

हा प्रश्न अनेकांना पडला असेल. याने नोकरी सोडली. आईवडिलांना सांगितले की मी आता गणिते करणारे यंत्र बांधणार आहे आणि त्यासाठी मला घरातली मोठी खोली लागेल. बर्लिनच्या क्रॉइत्सबेर्ग भागातील मेथफेसेल रस्त्यावर त्यांचे घर होते. त्या घराचा दिवाणखाना कारखाना झाला. आईवडिलांना हे सारे फारसे पटले नव्हते, तरी त्यांनी खोली दिली. निवृत्त झालेले वडील मुलाला हातभार लागावा म्हणून पुन्हा काही काळ नोकरीवर गेले. बहिणीने आपल्या पगारातून पैसे दिले. महाविद्यालयातील मित्रांनी कुणी पैसे दिले, कुणी संध्याकाळी येऊन पत्रे कापून दिले. बारीक करवतीने पत्र्याच्या हजारो पट्ट्या कापण्याचे ते काम होते. सरकार, विद्यापीठ किंवा उद्योगपती यांपैकी कुणाचेही साहाय्य त्या वेळी नव्हते. पुढे कुर्ट पान्के नावाचा एक गणनयंत्रांचा कारखानदार भेटला. या क्षेत्रात नवे शोधण्यासारखे आता काही उरलेले नाही, असे त्याने आधी ऐकविले. मग येऊन यंत्र पाहिले आणि पैसे दिले! असा माणूस प्रत्येक संशोधकाला एकदा तरी भेटो.

१९३८ साली पहिले यंत्र उभे राहिले. पुढे त्याला झेड-१ हे नाव मिळाले. ते पूर्णपणे यांत्रिक होते. पत्र्याच्या पट्ट्या एकमेकींना ढकलीत आणि त्या सरकण्यातून गणित होई. कल्पना निर्दोष, पण पट्ट्या अडकत. घरी हाताने कापलेल्या हजारो पट्ट्या एकमेकींशी सुरळीत सरकाव्यात ही अपेक्षाच अवघड होती. यंत्र चालले म्हणावे तर चालले, नाही म्हणावे तर नाही.

इथे त्याचा मित्र हेल्मुट श्रायर कथेत येतो. श्रायर दूरसंचार शाखेचा. त्याने सुचविले, पत्रे सोडून दे, रेडिओतले व्हॉल्व्ह वापर. त्सुझेला आधी ही थट्टा वाटली. मग विचार केल्यावर तो म्हणाला, तत्त्व बरोबर आहे, पण व्हॉल्व्ह महाग, मिळायला दुर्मीळ आणि हजारोंनी एकत्र वापरले तर केव्हा जळतील सांगता येणार नाही. मधला मार्ग म्हणून त्याने रिले निवडला.

रिले म्हणजे काय हे थोडक्यात सांगतो, कारण ‘विद्युत-यांत्रिकी’ या शब्दाचा सगळा अर्थ त्यात आहे. लोखंडी गाभ्याभोवती तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज सोडली की गाभा चुंबक होतो आणि समोरची छोटी लोखंडी पट्टी खट्कन ओढून घेतो. पट्टी चिकटली की दुसरा एक विद्युतमार्ग जुळतो. वीज बंद झाली की पट्टी सुटते, मार्ग तुटतो. म्हणजे विजेने हलणारे बटण. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ज्यांनी पाऊल टाकले असेल त्यांना ती खटखट आठवत असेल. या बटणाच्या दोनच अवस्था: जुळलेले किंवा तुटलेले. एकाने ‘१’ दाखवायचा, दुसरीने ‘०’. आपण रोज वापरतो ते दशमान अंकगणित यंत्रात उतरवायचे तर दहा दात्यांची चक्रे लागतात. द्विमान पद्धती घेतली तर बटणे पुरतात. त्सुझेने सुरुवातीपासून द्विमान पद्धतीच घेतली होती. त्याच्या साऱ्या यशाचे मूळ या एका निर्णयात आहे.

द्विमान म्हटले की आपल्या श्रोत्यांच्या मनात पिंगलाचार्यांचे नाव येणार हे मी जाणतो. यावे, अवश्य यावे. शाळेत वृत्ते शिकताना ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र आपण पाठ केले आहे. तीन अक्षरांत लघु आणि गुरू यांच्या जेवढ्या रचना संभवतात तेवढे आठ गण, एकही कमी नाही आणि अधिक नाही. छंदःशास्त्रातील प्रस्तार म्हणजे दोन चिन्हांच्या सर्व रचनांची क्रमवार मांडणी. एखाद्या रचनेचा क्रमांक कोणता आणि एखाद्या क्रमांकाची रचना कोणती, हे काढण्याच्या ‘उद्दिष्ट’ आणि ‘नष्ट’ या रीतीही पिंगलांनी दिल्या आहेत. त्यांतील दोनाने भागत जाण्याची युक्ती आजच्या संगणकाच्या विद्यार्थ्यालाही ओळखीची वाटेल. याचा अभिमान आपण बाळगू या. पण त्सुझेने ही पद्धती आपल्याकडून घेतली असे कुणी सांगू लागला तर त्याला थांबवू या, कारण तसा काहीही पुरावा नाही. युरोपात द्विमान अंकगणित मांडले लाइबनिट्सने. १७०३ चा त्याचा निबंध प्रसिद्ध आहे. आपल्या खऱ्या ठेव्याला खोट्या दागिन्यांची जोड दिली की पारखी माणूस खऱ्यावरही संशय घेऊ लागतो. ‘पहिले कोण’ हा वाद किती कठीण असतो, हे झेड-३ च्याच बाबतीत पुढे दिसेल.

तर रिले. त्यांचा वापर करून झेड-२ हे छोटे चाचणीयंत्र झाले. तेवढ्यात १९३९ साली युद्ध पेटले आणि त्सुझेला साधा शिपाई म्हणून पायदळात भरती करण्यात आले. त्याला यंत्रासाठी सुट्टी द्यावी म्हणून पान्केने त्याच्या अधिकाऱ्याला पत्र लिहिले. हे यंत्र विमानांच्या रचनेसाठी उपयोगी पडेल, असा त्यात उल्लेख होता. अधिकाऱ्याचा प्रतिसाद त्सुझेने आत्मचरित्रात नोंदविला आहे. आमची विमाने मुळातच सर्वश्रेष्ठ आहेत, त्यांत आणखी गणित करण्यासारखे काय राहिले, असा त्या साहेबांचा सवाल होता. मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. त्या मेजरसाहेबांच्या देशभक्तीत काही उणे होते असे नाही. मात्र आपले सारे आधीच परिपूर्ण आहे, या समजुतीने त्यांची जिज्ञासा संपून गेली होती.

काही महिन्यांनी त्सुझेची सुटका झाली ती यंत्रासाठी नव्हे. हेन्शेल कारखान्याला ताणांचे गणित करणारा माणूस हवा होता म्हणून. दिवसा कारखाना आणि रात्री, रविवारी स्वतःचे यंत्र. जर्मन विमानविद्या संशोधन संस्थेच्या प्राध्यापक टाइखमान यांनी झेड-२ पाहिले. विमानाच्या पंखांत वेगामुळे निर्माण होणाऱ्या घातक कंपनांचा ते अभ्यास करीत. ती गणिते हातांनी करणे जवळजवळ अशक्य. त्यांना यंत्राचे मोल कळले आणि संस्थेने झेड-३ च्या खर्चाचा काही भाग उचलला. सरकारी मदत म्हणतात ती एवढीच.

आता झेड-३ कसे होते ते पाहू. सुमारे २,६०० रिले. त्यांपैकी सुमारे ६०० गणित करण्यासाठी, बाकीचे बहुतेक संख्या लक्षात ठेवण्यासाठी. यंत्राच्या स्मृतीत ६४ संख्या मावत, प्रत्येक संख्या २२ द्विमान अंकांची. आज आपल्या खिशातल्या भ्रमणध्वनीत साधे एक छायाचित्र जेवढी जागा घेते तिच्या हजारो पटींनी कमी! बेरजेला सेकंदापेक्षा किंचित कमी वेळ, गुणाकाराला सुमारे तीन सेकंद. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ एवढ्या क्रिया. संख्या बटणांच्या फळीवरून दशमानातच द्यायची, यंत्र स्वतः तिचे द्विमानात रूपांतर करी आणि उत्तर पुन्हा दशमानात दिव्यांच्या उजेडाने दाखवी. वापरणाऱ्याला द्विमानाचा गंधही असण्याचे कारण नव्हते.

आज्ञावली देण्याची रीत गमतीची होती. त्यासाठी कागदाची फीत न वापरता चित्रपटाची ३५ मिलिमीटर फिल्म वापरली. तिच्यावर छिद्रे पाडायची. एका ओळीतील आठ जागांपैकी कुठे छिद्र आहे आणि कुठे नाही यावरून यंत्राला आज्ञा कळे. फिल्मची दोन टोके चिकटवून वेटोळे केले की तेच गणित पुनःपुन्हा होत राही. दिवाणखान्यातल्या कारखान्याला परवडेल असा हा उपाय होता.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. अभियंत्याच्या गणितात एका क्षणी कोट्यवधीची संख्या येते, तर दुसऱ्या क्षणी दशांशचिन्हानंतर पाच-सात शून्ये असलेली. तो माणूस ती ‘अमुक गुणिले दहाचा तमुक घात’ अशी सुटसुटीत लिहितो. त्सुझेने हीच युक्ती दोनाच्या घाताने यंत्रात उतरविली. २२ पैकी एक अंक अधिक-उणे चिन्हाचा, सात घाताचे, चौदा मूळ संख्येचे. आजही जगातील संगणक अपूर्णांक साठवितात ते मूलतः याच रीतीने.

तुलना करायची तर अमेरिकेतील ‘हार्वर्ड मार्क-१’ कडे पाहावे. हॉवर्ड आयकेन यांची कल्पना, आयबीएम कंपनीचा कारखाना, अमेरिकन नौदलाचे काम. ७ ऑगस्ट १९४४ रोजी, म्हणजे झेड-३ नंतर तीन वर्षांनी, ते हार्वर्ड विद्यापीठाला अर्पण झाले. लांबी ५१ फूट, वजन चार टनांहून अधिक, सुटे भाग साडेसात लाखांवर. तेही विद्युत-यांत्रिकीच, पण दशमान चक्रांचे. आणि घाताच्या स्वरूपात संख्या मांडण्याची सोय त्यात नव्हती. (अर्पणसोहळ्याच्या वेळी आयकेन यांनी सारे श्रेय स्वतःकडे ठेवल्याचे पाहून आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन संतापले. श्रेयाची भांडणे सर्वत्र सारखीच.) रचनेचा विचार केला तर बर्लिनच्या घरात रिले जोडणारा तरुण पुढे होता. पण मार्क-१ रात्रंदिवस चालले, त्यावर ग्रेस हॉपर यांच्यासारखी माणसे तयार झाली, त्याची सूत्रे छापली गेली. झेड-३ नियमित कामाला कधी लागलेच नाही. युद्धाच्या दृष्टीने ते महत्त्वाचे ठरविले गेले नाही.

श्रायरचे काय झाले तेही ऐका. त्याने व्हॉल्व्हची कल्पना सोडली नव्हती. १९४१ मध्ये त्याच विषयावर त्याने पदवी मिळविली आणि सुमारे दोन हजार व्हॉल्व्हचा, म्हणजे पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक असा गणकयंत्राचा प्रस्ताव लष्करापुढे ठेवला. किती वेळ लागेल? दोन-तीन वर्षे. तोवर युद्ध आपण जिंकलेले असू, असे सांगून प्रस्ताव फेटाळला गेला. अमेरिकेत सुमारे अठरा हजार व्हॉल्व्हचे एनिॲक यंत्र फेब्रुवारी १९४६ मध्ये जगापुढे आले. युद्धानंतर श्रायर ब्राझीलला निघून गेला.

या दोन घटनांच्या शेजारी तिसरी ठेवली की चित्र पूर्ण होते. १९३३ साली सत्तेवर येताच त्या राजवटीने ज्यू वंशाच्या प्राध्यापकांना विद्यापीठांतून हाकलले. गॉटिंगेन हे गणिताचे जागतिक तीर्थक्षेत्र. तिथून एमी नोएथर गेल्या, रिचर्ड कूरांट गेले, माक्स बॉर्न गेले. बर्लिन विद्यापीठात शिकविणाऱ्या जॉन फॉन नॉयमान या हंगेरियन तरुणाने तिथली जागा सोडली. पुढे हाच फॉन नॉयमान १९४४ मध्ये हार्वर्डच्या मार्क-१ वर अणुबॉम्बच्या रचनेसंबंधीची गणिते करून घेत होता. ज्याला यंत्राचे मोल कळले असते त्याला वंशाच्या नावाखाली देशाबाहेर काढले आणि ज्याने यंत्र बांधले होते त्याला घरात असूनही ओळखले नाही. राष्ट्रवादाला वंशवादाचे रूप आले की तो राष्ट्राचेच कसे नुकसान करतो, याचा याहून स्पष्ट हिशेब मी पाहिलेला नाही. आपली परंपरा राष्ट्राकडे संस्कृतीच्या दृष्टीने पाहते, रक्ताच्या नव्हे, असे आपण म्हणतो; तर मग हा हिशेब आपल्याला तोंडपाठ असला पाहिजे.

त्सुझेला मी देवत्व देऊ इच्छित नाही. नाझी पक्षाचा तो सदस्य नव्हता, पण त्याचे पोट भरत होते ते शस्त्रांच्या कारखान्यात. हेन्शेल कारखाना एचएस-२९३ नावाचा, विमानातून सोडून दूरवरून दिशा देता येणारा बॉम्ब बनवीत असे. घाईने बनलेल्या त्याच्या पंखांत किंचित वाकडेपणा राही. मोजमापे घेऊन दुरुस्तीचे गणित करावे लागे. ते काम हिशेबनीस स्त्रिया करीत. त्सुझेने त्यासाठी एस-१ हे खास यंत्र बांधले आणि ते मात्र रोज वापरात होते! पुढच्या एस-२ मध्ये मोजमापेही यंत्र स्वतःच वाचून घेई. या जातीच्या बॉम्बने २६ नोव्हेंबर १९४३ रोजी अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ ‘रोहना’ हे सैनिकवाहू जहाज बुडविले. अकराशेहून अधिक माणसे गेली, त्यांतील बहुतेक अमेरिकन सैनिक. जहाज ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे होते आणि त्यावरचे खलाशी बहुतांशी भारतीय. मृतांत आपलेही लोक होते. त्यांची आठवण कुणी काढत नाही म्हणून इथे काढतो. संगणकाच्या जन्मकथेला ही काळी किनार सर्व देशांत आहे. हार्वर्डच्या यंत्रावरची अणुबॉम्बची गणिते मी आताच सांगितली.

१९४३ च्या अखेरीस दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यांत झेड-३ नष्ट झाले. झेड-१ ही गेले, त्याचे आराखडेही गेले. उरले एकच, बांधकाम चालू असलेले झेड-४. त्यात सुमारे २,२०० रिले होते आणि स्मृती पुन्हा पत्र्याच्या पट्ट्यांची. आता मात्र त्या पट्ट्या नीट सरकत होत्या.

१९४५ च्या आरंभी बर्लिन कोसळण्याच्या बेतात असताना हे यंत्र बाहेर काढण्याची धडपड सुरू झाली. इथे नावाने चमत्कार केला. यंत्राचे तेव्हाचे नाव होते व्ही-४, म्हणजे जर्मन भाषेत ‘प्रायोगिक नमुना क्रमांक ४’. पण व्ही-१ आणि व्ही-२ ही तर हिटलरची सुप्रसिद्ध सूडाची अस्त्रे! व्ही-४ म्हटल्यावर अधिकाऱ्यांना वाटले, हे त्याहून भयंकर काहीतरी असणार. जे महत्त्व वर्षानुवर्षे सांगून पटले नव्हते ते एका अक्षराच्या घोटाळ्याने पटले आणि वाहतुकीची सोय झाली. यंत्र आधी गॉटिंगेनला गेले. तिथे ते चालवून दाखविले गेले, त्याच गॉटिंगेनमध्ये जिथून गणितज्ञांना हाकलले होते. मग हुकूम आला की ते हार्त्स पर्वतातील भूमिगत कारखान्यात न्यावे. त्सुझे तिथे पाहणीला गेला. त्या भुयारांत छळछावणीतील हजारो कैदी अस्त्रे बनविण्यासाठी राबविले जात होते. ते दृश्य पाहून त्याने यंत्र तिथे नेण्यास नकार दिला. शेवटी नवपरिणीत पत्नीसह तो आणि त्याचे यंत्र आल्प्सच्या पायथ्याशी हिंटरश्टाइन या खेड्यात पोहोचले. युरोपातील सर्वांत प्रगत गणकयंत्र कडब्यासारखे झाकून ठेवले गेले.

पुढची काही वर्षे यंत्रकामाला ना वीज, ना साहित्य, ना पैसा. त्सुझे चित्रे आणि लाकडी ठसे करून विकी, त्यांत गिऱ्हाईक अमेरिकन सैनिक. हाताशी रिकामा वेळ असल्यामुळे युद्धकाळापासून डोक्यात घोळत असलेली एक गोष्ट त्याने पूर्ण केली. तिचे नाव ‘प्लानकाल्क्युल’, म्हणजे यंत्राला आज्ञा देण्यासाठी रचलेली एक तर्कशुद्ध भाषा. उच्च स्तराच्या संगणकभाषेचा हा जगातील पहिला आराखडा मानला जातो. ती भाषा केवळ आकड्यांपुरती नाही हे पडताळण्यासाठी त्याने तिच्यात बुद्धिबळाच्या चाली मांडून पाहिल्या. त्याआधी स्वतः बुद्धिबळ शिकला. १९४५-४६ च्या सुमारास लिहिलेले हे काम संपूर्ण छापले गेले १९७२ साली! तोवर इतरांच्या भाषा जगभर रुळलेल्या होत्या.

यंत्राचे भाग्य उघडले ते १९४९ मध्ये. झुरिचच्या तांत्रिक महाविद्यालयातील प्राध्यापक एदुआर्द श्टीफेल त्सुझेकडे आले. त्यांनी एक समीकरण तोंडी सांगितले. त्सुझेने तिथल्या तिथे आज्ञावली लिहिली, फिल्मवर छिद्रे पाडली, यंत्राने उत्तर दिले. उत्तर बरोबर आले. श्टीफेल यांनी पाच वर्षांसाठी ३०,००० स्विस फ्रँक देऊन यंत्र भाड्याने घेतले. एक गोष्ट मात्र बसवून मागितली. आलेल्या उत्तरावर अवलंबून पुढची आज्ञा बदलण्याची सोय, ‘असे असेल तर इकडे वळ’ अशी, झेड-३ मध्ये नव्हती. ती झेड-४ मध्ये बसविली गेली. १९५० ते १९५५ हे यंत्र झुरिचमध्ये धडधडत होते. पंखांची कंपने, धरणाच्या भिंतीतील ताण, प्रक्षेपणमार्ग, अशी त्या छोट्या देशाची गणिते त्यावर सुटली. रात्री ते एकटेच चालू ठेवून लोक घरी जात. झुरिचच्या रात्रजीवनात त्या खटखटीने तरी थोडी जान आणली, अशी त्सुझेची थट्टा होती. युद्धात होरपळ न झालेल्या स्वित्झर्लंडला जे दिसले ते जर्मनीच्या सत्ताधीशांना दहा वर्षे दिसले नव्हते. तिथे ना कुणी गर्जना केली, ना श्रेष्ठत्वाचा दावा. एका प्राध्यापकाने प्रश्न विचारला, उत्तर तपासले आणि करार केला.

त्या भाड्याच्या बळावर त्सुझेची कंपनी उभी राहिली. तिने एकूण २५१ संगणक बनविले, ते विद्यापीठांत आणि कारखान्यांत गेले. परंतु इलेक्ट्रॉनिक युगाचा भांडवली खर्च तिला झेपला नाही. साठच्या दशकात ती आधी एका मोठ्या कंपनीकडे आणि मग सीमेन्सकडे गेली.

राहिला ‘पहिले कोण’ हा प्रश्न. यंत्र नष्ट झालेले, पाहणारे विखुरलेले, युद्धात हरलेल्या देशातला दावा. जगाने कशावर विश्वास ठेवावा? त्सुझेच्या हाती एकच भक्कम गोष्ट होती: १९४१ मध्ये त्याने केलेला पेटंटचा अर्ज, तपशीलवार, आकृत्यांसह. त्याच्या आधारे साठच्या दशकाच्या आरंभी झेड-३ ची चालती प्रतिकृती उभी करण्यात आली. ती आज म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे, आणि मूळ झेड-४ ही तिथेच. तो अर्ज नसता तर झेड-३ ही एका वृद्ध अभियंत्याने सांगितलेली आख्यायिका ठरली असती. आपल्याकडे किती पोथ्या वाळवीने खाल्ल्या, किती कारागिरांच्या युक्त्या त्यांच्याबरोबर चितेवर गेल्या, हे आपण जाणता.

आणि तरीही पेटंट मिळाले नाही. आयबीएमसारख्या कंपन्यांनी हरकती घेतल्या, खटला वर्षानुवर्षे चालला. १९६७ साली जर्मनीच्याच पेटंट न्यायालयाने निकाल दिला की यंत्रात नावीन्य आहे, प्रगती आहे, पण शोध म्हणून जी उंची हवी ती नाही. अर्जानंतर सव्वीस वर्षांनी! ज्या काळी जगात कुणापाशीही असे यंत्र नव्हते त्या काळच्या कामाला, जेव्हा ते सर्वत्र झाले होते तेव्हाच्या चष्म्याने पाहिले गेले. कायद्याचे मला कळत नाही, परंतु पत्रकार म्हणून एवढे म्हणेन की हा निकाल वाचताना मन विषण्ण होते. १९९८ साली राउल रोखास या संशोधकाने दाखविले की तत्त्वतः झेड-३ कोणतेही गणन करू शकले असते. त्यासाठीची युक्ती व्यवहारात अतिशय किचकट आहे, म्हणून त्या निष्कर्षाचा फार गवगवा करू नये; पण अभ्यासकांनी त्या यंत्राकडे पुन्हा इतक्या बारकाईने पाहिले, हेही थोडे नाही.

उतारवयात त्सुझेला मानसन्मान मिळाले. तो पुष्कळ चित्रे काढी. १८ डिसेंबर १९९५ रोजी तो वारला. त्याआधी वयाच्या पंच्याहत्तरीनंतर त्याने एक विलक्षण काम हाती घेतले: दिवाणखान्यातले ते पहिले यंत्र, झेड-१, पुन्हा बांधायचे. आराखडे जळालेले होते, म्हणून पुन्हा काढले. मध्येच हृदयविकाराचा झटका आला, त्यातून उठून काम चालू ठेवले. १९८९ मध्ये ते पूर्ण झाले आणि आज बर्लिनच्या तंत्रविद्या संग्रहालयात ठेवलेले आहे. मूळ यंत्र वडिलांच्या पगारावर, बहिणीच्या पैशांवर आणि मित्रांच्या संध्याकाळींवर झाले होते. या वेळी उद्योगसंस्थांनी मिळून सुमारे आठ लाख मार्क दिले.